लाभ, दोन, तीन

ता. ६ जानेवारी १९७५, केनवड

ही वही हीरालाल शेठच्या दुकानातून मागून आणली. पुढच्या पानांवर तीन वर्षांपूर्वीच्या तुरीची आवक लिहिली आहे, मागची पानं कोरी आहेत. ती तूर मीच मोजली होती. चाळीस वर्षं त्यांच्याकडे मापारी होतो. शेठ म्हणाले, "मारोतराव, आता काय लिहिता? तुमचं माप तर संपलं." मी म्हटलं, "डोक्यात जे फिरते ते लिहून ठेवतो, म्हणजे झोप येईल." शिक्षण माझं तिसरीपर्यंत. चुका होतील. कोणी वाचणार नाही.

आज असं झालं. नातीला, भागीला, एक रुपया देऊन चहापत्ती आणायला धाडलं. पत्ती आठ आण्याची. उरलेले आठ आणे घेऊन घरी यायचं, एवढंच काम. वाटेत कुणीतरी पोट्ट्यानं तिला वीस पैशाचं पितळी नाणं दाखवलं, कमळाचं. ते पिवळं, चकचकीत. हिनं पांढरे आठ आणे देऊन ते घेतलं आणि उड्या मारत आली. "आबाजी, पाहा ना, सोन्याचं देल्लं त्यानं मले!"

तेव्हापासून एकच विचार चालू आहे. भागिरथा सात वर्षांची. मी अडुसष्टचा, वर हा खोकला. माझ्यामागं हिला जो तो असंच पिवळं दाखवून पांढरं नेईल.

पैसा ओळखायला शिकवायचं. उद्यापासूनच.

ता. ९ जानेवारी

तीन दिवस झाले. आधी हातानं ओळखायला शिकवलं, डोळे मिटून. मला उजव्या डोळ्यानं आता धुरकट दिसतं, त्यामुळे मीही बोटानंच ओळखतो. एक पैसा लहान चौकोनी. दोन पैशाला लाटा. तीन पैशाला सहा कोन. पाच पैसे चौकोनी, पण कोपरे बोथट. दहा पैशालाही लाटाच, पण नाणं मोठं. चार आणे, आठ आणे गोल आणि जड. पोरगी हुशार आहे. दहा पैशाला ती "करंजी" म्हणते आणि पाच पैशाला "पाटा".

मोजायला मात्र मी मला येतं तसंच शिकवलं. मापारी पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. तोंडात तेच बसलं आहे.

"आबाजी, शाळेत बाई एक म्हणते."

"शाळेत म्हण. घरात लाभ."

"काहून?"

"एक म्हटलं का ते एकटं पडते. त्याच्या मागं दुसरं येत नाई. लाभ म्हटलं का मागून दुसरं येते."

तिनं थोडा विचार केला. मग माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "तुमी लाभ." स्वतःवर बोट ठेवलं. "मी दोन." मग बोट तसंच हवेत धरून, "तीन कोण?"

मी म्हटलं, "जेव आता. भाकर गार होऊन राह्यली."

ता. १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. सकाळच्या मोटारीनं कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. पंचफुलाकडून. त्यात तिळगूळ आणि एक फ्रॉक, लाल फुलांचा.

इथं खरं लिहून टाकतो. पंचफुला माझी सून. पोरगा पुंडलिक विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला, त्याला तीन वर्षं झाली. मागल्या अखाजीला, अक्षय तृतीयेला, तिनं मालेगावच्या उकंडरावाशी पाट लावला. त्यात तिची चूक नाही, सव्वीस वर्षांची बाई. पण पाटानं जाणाऱ्या बाईनं आधीच्या घरचं लेकरू नेऊ नये अशी आमच्यात रीत आहे. रीत काही मी काढली नाही. पण तिनं पदर पसरून भागीला मागितलं तेव्हा पंचांच्या आधी रीत मीच बोललो. मला वाटलं, पोरगा गेला, आता त्याची पोरगीही गेली तर मी घरात पाहायचं कुणाकडं?

भागीला मी सांगितलं आहे की माय दूर कामाला गेली.

फ्रॉक पेटीत तळाशी ठेवला. तिळगूळ भागीला दिला, म्हटलं शेठच्या बायकोनं, अंगुरीबाईंनी दिला. तिनं एक तुकडा तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"यात खसखस हाये."

"मंग?"

"माय टाकते खसखस."

"अंगुरीबाईबी टाकते."

तिनं बाकीचा तिळगूळ कागदात बांधून ठेवला. खाल्ला नाही. गोड आवडत नसेल आता.

ता. २२ जानेवारी

नवा उद्योग मांडला. मोटार थांबते तिथं लिंबाखाली पाटी घेऊन बसतो, शेंगदाणे आणि फुटाणे. शेठनं माल उधार दिला, म्हणाले विकला की द्या. मला धुरकट दिसतं म्हणून पैसे भागी घेते. शाळा सकाळची, ती साडेदहाला येते. दुपारी मी घरी जाऊन तासभर आडवा होतो तेव्हा पाटीवर तीच बसते. शेजारी लिलाबाईचं चहाचं दुकान आहे, तिचं लक्ष असतं. तरी मला झोप लागत नाही. मोटार मागं घेताना ड्रायव्हरला पोरगी दिसली नाही तर? कुणी नाणी हिसकली तर?

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा बोहनीचा पैसा मी डोळ्याला लावला आणि गोणपाटाखाली सारला.

"हा कायले वेगळा?"

"हा लाभाचा. लाभ घरचा असते. तो कधी खर्चाचा नाई. बाकीचे खुशाल खर्च."

तिनं मान हलवली. एकदा सांगितलेलं ती विसरत नाही.

ठरलं असं की ज्या दिवशी तिचा हिशोब चुकणार नाही त्या दिवशी तिला पाच पैसे बक्षीस. आज चुकला. तिनं पाय आपटले.

लिलाबाई म्हणाली, "बुढेबुवा, पोट्टीले मालकीण केलं अन् तुमी नोकर झाले काय?"

भागी म्हणाली, "नोकर नाई, आबाजी लाभ हायेत."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

ता. २ फेब्रुवारी

आज मला फार अभिमान वाटला म्हणून लिहितो. दुपारची मोटार गेल्यावर भागीनं विचारलं, "आबाजी, मालेगावचं तिकीट किती?"

मी म्हटलं चांगलं गणित मिळालं. "पूर्ण तिकीट एक रुपया दहा पैसे. तुझ्याएवढ्या लेकराले अर्धं. मंग किती?"

तिनं पाटीवर शेंगदाणे मांडले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. "पंचावन."

"पंचावन म्हणजे पाचाचे किती?"

बराच वेळ ओठ हलले. "अकरा पाटे."

मी उठून तिच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी शेठच्या दुकानात जाऊन सगळ्यांना सांगितलं. शेठ म्हणाले, "मुनीम करून टाका तिले." मी घरी येताना तिला गुळाचा खडा आणला. ती झोपेपर्यंत बोटांवर मोजत होती. बक्षिसाचे चार पाटे झालेत. माझ्या रिकाम्या तंबाखूच्या डबीत ठेवते.

ता. ११ फेब्रुवारी

पोरगी पाटीपाशी बसते खरी, पण तिचं सगळं ध्यान मोटारींवर. कुठली मेहकरकडून येते, कुठली मालेगावला जाते, सगळं पाठ. मला भीती वाटते ती चाकांची. म्हणून आज तिला नीट समजावलं. मोटार थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. चढायचं तर आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं. पैसे आधीच मोजून मुठीत धरायचे. तिकीट हरवायचं नाही. कंडक्टर गावाचं नाव घेईल तेव्हाच उठायचं. तिनं सगळं माझ्यामागं म्हणून दाखवलं. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. माहीत असलेलं बरं.

बक्षिसाचा एकही पैसा ती खर्च करत नाही. लिलाबाई म्हणते बांगड्या घ्यायच्या असतील.

ता. १९ फेब्रुवारी

आज मी भागीला मारलं.

दुपारी पडलो होतो. ती घरी आली, पाटी तिकडेच सोडून. तोंड धुळीनं आणि रडून माखलेलं. मुठीत पाच-पाचची नाणी, घामानं ओली.

"कमी भरले," म्हणाली.

मला वाटलं गल्ल्यात कमी भरले. धावत पाटीपाशी गेलो. गल्ला बरोबर होता. परत आलो. "कायचे कमी भरले?"

मी तिच्या मुठीतली नाणी मोजली. लाभ, दोन, तीन, दहापर्यंत गेलो.

"दहा हायेत. काल तू अकरा झाले म्हणे."

"अकराच हायेत. म्या सकाळी मोजले."

"हे पाह्य ना, दहा! मंग अकरावा कोठी गेला? काय खाल्लं सांग!"

"नाई खाल्लं! अकरा होते, अकरा होते!"

एकच शब्द धरून बसली. मला वाटलं, चोरी केली ते केली, वरून तोंड वर करून खोटं बोलते. पैशाचं खोटं मी शेठच्या दुकानात कधी सहन केलं नाही. एक चापट दिली. गालावर बोटं उठली. माझा हात इतका जड आहे हे मला माहीत नव्हतं. पायल्या उचलून जड झाला असेल.

ती रडली नाही. आधीच रडून आली होती.

ता. २० फेब्रुवारी

सकाळी तिला दहा पैसे देऊ केले, घेतले नाहीत. म्हणाली, "हिशोब करून घेईन."

संध्याकाळी स्वतःच जवळ आली. "आबाजी, लाभ मोजण्यात धरते काय?"

"धरते ना. मोजण्यात धरते."

"पण तो घरचा असते. खर्चाचा नाई."

"व्हय."

"म्हणजे अकरा खर्चाचे असन तं बारा मोजा लागते."

मी म्हटलं असंच काहीतरी. माझं लक्ष तिच्या गालाकडे होतं. खूण गेली होती. तिनं मोठा श्वास सोडला, जसा मोठा पेच सुटल्यावर सोडतात. मला वाटलं चला, रागावली नाही माझ्यावर.

ता. १ मार्च

आज हिशोब बरोबर. बक्षीस दिलं. भिंतीतल्या देवळीपाशी पाठ करून बसली होती आणि मोजत होती ते ऐकू आलं. बारावर थांबली. मी हसून म्हटलं, "अकरा झाले असतील, बारा कोठून आणले?"

"लाभ धरून बारा," म्हणाली.

संध्याकाळी तिनं माझ्या पाण्याचा माठ भरला. न सांगता. चार खेपा केल्या. माझ्या खोकल्याच्या काढ्यासाठी अडुळशाचा पाला आणून ठेवला. पोरगी समजदार होत चालली आहे. आता मी थोडा निर्धास्त होईन म्हणतो.

ता. ३ मार्च

भागी गेली.

दुपारी पडलो होतो. लिलाबाई धापा टाकत आली. "बुढेबुवा, तुमची भागी मोटारीत बसली! मले वाटलं तुमीच धाडून राह्यले. नवा फ्रॉक घालून होती, केसाले तेल चोपडलं होतं!"

पेटी उघडून पाहिली. लाल फुलांचा फ्रॉक नाही. तळाशी होता, तिला कधी सापडला कोण जाणे. चुलीपाशी माझी भाकर झाकून ठेवलेली. वर तिळगुळाचं पुडकं, तेच, अर्धं.

आज पुढची मोटार नाही. सकाळी आहे. लिहवत नाही. चाकाखाली आली नसेल ना. कंडक्टरनं नाव घेतलं तेव्हा उठली असेल ना. सांगितलं होतं मी. सगळं मीच सांगितलं होतं.

ता. ५ मार्च

काल मालेगावला जाऊन आलो. आज लिहितो.

सकाळच्या मोटारीला कंडक्टर तोच, पुडकं आणणारा. म्हणाला, "बाबा, काळजी नोका करू. म्या सोता तिच्या मायजवळ नेऊन सोडली. माय कोठी राह्यते थे तिनं मले कवाच इचारून ठेवलं होतं. मांगच्या खेपेलेबी चढली होती थे. पाच पैसे कमी होते, म्हटलं घरच्या मानसाले घेऊन ये. मोटार निघाली होती, उतरून देली. रडत गेली."

मांगच्या खेपेला. म्हणजे एकोणीस तारखेला. ती पाच पैसे कमी पडून उतरली, घरी आली आणि मी तिला मारलं.

जाताना मी खिशात पैसे मोजून ठेवले होते. येतानाची दोन तिकिटं, एक पूर्ण, एक अर्धं. अर्ध्यासाठी मुद्दाम पाचाची अकरा नाणी घेतली होती. तिला तीच आवडतात.

पंचफुला अंगणात बसली होती. भागी तिच्या मांडीत, वेणी घालणं चाललं होतं. मला पाहून पंचफुलानं पदर घेतला आणि उठली. वेणी अर्धीच राहिली.

"मामाजी, तुमची आन, म्या नाई बोलावलं तिले. कालपासून सांगून राह्यली, आबाजी घ्याले येतीन. घेऊन जा म्हणसान तं..."

उकंडराव बाहेर आला. मला वाटत होतं वाईट माणूस असेल. त्यानं माझ्यासाठी बाज टाकली, पाणी दिलं. म्हणाला, "रीत तुमची हाये. तुमी म्हणसान तसं. पण लेकरू आमाले जड नाई." एवढंच बोलून बैल सोडायला गेला.

मी भागीला म्हटलं, "चाल घरी."

ती मायजवळ उभी होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. हिशोब चुकल्यावर दिसते तशी काळजी होती. "आबाजी, यायच्यापुरतेच मोजले होते म्या. जायचे नाई माह्याजवळ."

"माह्याजवळ हायेत."

तिनं मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा मायकडे, आणि तिथंच पाहत राहिली. अर्ध्या वेणीचं टोक तिनं हातात घट्ट धरलं होतं.

चाळीस वर्षं मी तराजू पाहिला आहे. पारडं कुठं झुकलं ते मला कळतं.

मी खिशातून ती अकरा नाणी काढली आणि तिच्या ओंजळीत दिली. "हे ठेव. तुले वाटन तवा ये. अर्धं तिकीट हाये." तिनं खाली बसून ती मांडली. मीच शिकवलं तसं. लाभ म्हणून पहिलं नाणं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली.

"लाभ घरचा. मांगचाबी देवळीत ठेवला म्या. तुमी खर्चू नोका."

मग दोन, तीन, चार करत अकरापर्यंत मोजून फ्रॉकच्या खिशात टाकली.

पंचफुला माझ्या पाया पडली. मी काय म्हणालो आठवत नाही. खसखशीबद्दल काहीतरी बोललो.

परतीच्या मोटारीत अर्ध्या वाटेवर आल्यावर माझ्या लक्षात आलं. तिच्याजवळ दहाच राहिले. पन्नास. पुन्हा पाच पैसे कमी. तिला यावंसं वाटलं तरी निघता येणार नाही. बारा मोजावे लागतात हे तिला माहीत आहे, पण बारावा तिला कोण देणार? मी मोजून दिले ते तर बरोबर होते.

ता. ६ मार्च

पाटी मांडली नाही. देवळीत चाचपून पाहिलं. दिव्याच्या मागं, भिंतीला लागून, एक पाटा होता. बोटानं ओळखला. परवाचा माझ्या खिशातला त्याच्या शेजारी ठेवला. दोन झाले.

सकाळपासून ठरत नव्हतं. पाच पैसे पाठवले तर तिच्या मायला वाटेल, बुढा बोलावतो. नाही पाठवले तर पोरीची वाट बंद. आणि लाभाचा पैसा मोडायचा नाही, हे मीच सांगितलेलं. गल्ल्यात दुसरे पैसे आहेत, त्यातला देता आला असता. पण हा तिचाच होता. तिच्या मोजणीतला.

दुपारच्या मोटारीला गेलो. कंडक्टरच्या हातावर देवळीतला एक पाटा ठेवला. म्हटलं, भागिरथाच्या हातात द्या, आणि तिला सांगा, आबाजीनं मोजण्यात चूक केली होती. पहिल्यालाही एक म्हणतात. तोही खर्चता येतो.

तो म्हणाला, "बस एवढंच? पाच पैसे?"

मी म्हटलं, एवढेच कमी होते.

घरी येऊन देवळीत हात घातला. बोथट कोपरे लागले. मोजायला काही नव्हतं, तरी सवयीनं तोंड उघडलं. लाभ म्हणवलं नाही.

एक.